टर्पेंटाइनचे माहेर आणि झाशीची सालई

दिवाळीआधी घराला रंग काढायचा ठरला की सामानाच्या यादीत एक बाटली हमखास असते. टर्पेंटाइनची! ऑइलपेंट पातळ करायला, ब्रश धुवायला, खिडकीच्या काचेवर उडालेले शिंतोडे पुसायला ती लागतेच. घरभर तिचा वास पसरतो, कुणाचे डोके दुखते, कुणाला तोच वास आवडतो. झाशीच्या बाजारात तिला 'तारपीन' म्हणतात, आपल्याकडचा रंगारी आपल्या सोयीने 'टरपिन' म्हणतो. पण इंग्रजांकडून आलेला हा शब्द मुळात इंग्रजांचाही नाही, आणि त्याच्या पोटात एक झाड लपले आहे, याची रंगाऱ्यालाही कल्पना नसते आणि रंग काढून घेणाऱ्यालाही नसते.

त्या झाडाचे ग्रीक नाव 'तेरेबिंथॉस'. भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने, ग्रीसपासून तुर्कस्तान, सीरिया, पॅलेस्टाइनपर्यंत खडकाळ टेकड्यांवर वाढणारे हे बुटके झाड. गंमत म्हणजे हे नाव ग्रीकांचेसुद्धा नव्हे. त्याच्या शेवटी जो 'इंथ' आहे, तो ग्रीक लोक त्या भूमीत येण्याआधी तिथे राहणाऱ्यांच्या बोलीतला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. कॉरिंथ हे शहर, हायसिंथ हे फूल, लॅबिरिंथ म्हणजे भुलभुलैया, या शब्दांची शेपटीही तीच. म्हणजे लोक गेले, त्यांची भाषा गेली आणि झाडाला त्यांनी मारलेली हाक तेवढी राहिली. रोमनांनी त्या झाडाच्या राळेला 'तेरेबिंथिना' म्हटले, फ्रेंचांनी ते नाव वाकवले आणि इंग्रजांच्या तोंडी येईतो त्याचे 'टर्पेंटाइन' झाले.

बुंध्याला जखम झाली की या झाडातून सुवासिक चिकट स्राव येतो. माणसाने तो फार पूर्वीच हेरला होता. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ उलुबुरून येथे समुद्रतळाशी एक व्यापारी जहाज सापडले. इसवी सनापूर्वी सुमारे १३०० च्या आसपास बुडालेले. १९८४ ते १९९४ अशी दहा वर्षे पाणबुडे त्याचा माल वर काढत होते. तांब्याच्या लगडी, काचेचे गोळे, हस्तिदंत यांच्या जोडीला त्यात मातीचे दीडशेच्या आसपास रांजण निघाले आणि त्यांत होती याच कुळातल्या झाडाची राळ. वजन सुमारे एक टन! सव्वातीन हजार वर्षांपूर्वी कुणी तरी एक टन राळ जहाजावर चढवतो, म्हणजे तिला किती मोल असेल याचा हिशेब वाचकांनीच करावा. बायबलमध्ये डेव्हिडने ज्या खोऱ्यात गोलायथला लोळवले, त्या 'एला'च्या खोऱ्याचे नावही याच झाडावरून पडलेले आहे.

पुढे काय झाले? ही राळ महाग, झाडे थोडी. व्यापाऱ्यांनी युरोपातल्या लार्च नावाच्या वृक्षाचा चीक त्याच नावाने विकायला घेतला. मग पाइनचा, म्हणजे आपल्या चीड वृक्षाच्या भाऊबंदांचा. झाडे बदलली, नाव तेच राहिले. आज दुकानात 'मिनरल टर्पेंटाइन' म्हणून जे मिळते त्यात झाडाचा थेंबही नसतो, ते पेट्रोलियममधून काढलेले असते. टर्पेंटाइनमधल्या द्रव्यांना रसायनशास्त्रज्ञांनी 'टर्पीन' असे नाव दिले. लिंबाच्या सालीतला, आल्यातला, कापरातला वास या टर्पिनांचा आणि त्यांच्या भावंडांचा. म्हणजे भूमध्य सागराकाठच्या त्या बुटक्या झाडाचे नाव आता आपल्या स्वयंपाकघरातल्या निम्म्या डब्यांवर लिहायला हरकत नाही.

हे झाड आपल्याला परके वाटते, पण नात्यातले आहे. पिस्त्याचा ते भाऊ आणि आंबा, काजू, बिब्बा, चारोळी यांच्या कुळातले. कैरीचा देठ मोडला की जो उग्र वासाचा चीक उडतो आणि ओठ उततात, तो याच घराण्याचा वारसा. आणखी जवळचे नाते पाहायचे तर काष्ठौषधीच्या दुकानात जावे. तेरेबिंथच्या पानांवर एक प्रकारचा मावा बसतो आणि तिथे शिंगासारख्या पोकळ गाठी येतात. आपल्या हिमालयातही या झाडाचा एक भाऊ आहे, त्याच्यावरही तशाच शिंगासारख्या गाठी येतात आणि त्या गाठींनाच आपण काकडशिंगी म्हणतो. बाळाच्या खोकल्यावर वैद्य जे बालचतुर्भद्र चूर्ण देतात, त्यातल्या चार औषधींपैकी ही एक. आजीच्या हातून मधात चाटण चाटलेल्या किती तरी मराठी मुलांच्या पोटात तेरेबिंथचा चुलतभाऊ गेलेला आहे!

याच कुळातला आणखी एक भाऊ मात्र थेट परदेशातून आपल्या दुकानात येऊन बसला आहे. रुमी मस्तकी. पिवळसर, पारदर्शक, अश्रूंसारखे खडे. 'मस्तकी' या नावावरून कुणाला वाटेल की डोकेदुखीवरचे औषध असावे. तसे नाही. मस्तकाशी त्याचा काडीचा संबंध नाही, संबंध आहे दातांशी. ग्रीक भाषेत दात खाण्याला, दातांवर दात घासण्याला जे क्रियापद आहे त्याच्या घरातला हा शब्द, कारण हा डिंक चघळायचा. इंग्रजीत चावण्याला 'मॅस्टिकेट' म्हणतात ते याच घरातले. आणि 'रुमी' म्हणजे रूमचा. अरबी-फारशीत रोमच्या पूर्व साम्राज्याला, आजच्या तुर्कस्तान-ग्रीसच्या मुलखाला 'रूम' म्हणत. तेव्हा 'रुमी मस्तकी' या दोन शब्दांत तो माल कुठला आणि त्याचे करायचे काय, हे दोन्ही आले. हकीमांनी तो हिंदुस्थानात आणला. लखनौपासून झाशीपर्यंत युनानी औषधांच्या दुकानांत तो 'मस्तगी' म्हणून मिळतो, पोटाच्या तक्रारींवर दिला जातो.

ही मस्तकी उत्तम प्रतीची येते ती ग्रीसच्या खिओस बेटावरून, आणि तीही बेटाच्या दक्षिणेकडच्या चोवीस गावांतूनच. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून तिच्यावर पांढरी माती पसरतात, बुंध्याला बारीक चिरा देतात, खाली टपकलेले थेंब सुकले की वेचतात. मग हिवाळाभर घरोघरी बायका बसून एकेक खडा नखाने, सुरीने साफ करतात. चौदाव्या शतकात, १३४६ मध्ये, जिनोआच्या व्यापाऱ्यांनी बेट घेतले. मस्तकी चोरणाऱ्याचे नाक-कान कापण्यापर्यंत शिक्षा होत्या. १५६६ मध्ये तुर्क आले, सुलतानाच्या जनानखान्यात मस्तकी चघळली जाऊ लागली. १८२२ साली बेटावर बंडाळी झाली आणि तुर्की फौजेने भयंकर कत्तल केली. त्या कत्तलीतून मस्तकीची गावे बऱ्याच अंशी वाचली, कारण डिंक वेचणारे हातच गेले तर सुलतानाला मस्तकी कुठून मिळणार? डिंकाने माणसांचे प्राण वाचवल्याची अशी दुसरी गोष्ट सहसा सापडायची नाही.

महाग वस्तूला तोतये असतातच. अफगाणिस्तान-बलुचिस्तानातल्या त्याच कुळातल्या झाडांचा डिंक मुंबईच्या बाजारातून विकला जाई, त्याला व्यापारात 'बाँबे मस्तकी' असे नावच पडले होते. खरी मस्तकी ओळखण्याची जुनी कसोटी सोपी आहे: खडा दाताखाली धरावा. तो आधी फुटतो आणि मग मेणासारखा मऊ होऊन चघळता येतो. नुसता भुगा होऊन राहिला तर समजावे, दुसराच कुठला तरी डिंक आहे. म्हणजे नावातच परीक्षा सांगून ठेवली आहे म्हणायची.

ख्रिस्तोफर कोलंबससारखा माणूसही इथे फसला. तो तरुणपणी खिओसला जाऊन आलेला, मस्तकी त्याच्या ओळखीची. १४९२ मध्ये क्यूबाच्या किनाऱ्यावर राळ गाळणारी झाडे दिसताच त्याने मस्तकी सापडली असे जाहीर केले आणि आपल्या राजाराणीला हवी तेवढी पाठवण्याचे आश्वासनही देऊन टाकले. ती मस्तकी नव्हती. आज जाणकार त्या झाडाला 'गंबो-लिंबो' म्हणून ओळखतात. आणि हे गंबो-लिंबो कुणाच्या कुळातले? आपल्या सालईच्या!

सालई पाहायला मात्र ना खिओसला जायला हवे ना क्यूबाला. त्यासाठी झाशी गाठावी.

झाशीला मराठी पाहुणा जातो तो राणीसाठी. बंगरा टेकडीवरचा किल्ला, राणीमहाल, १८४२ मध्ये जिथे गंगाधररावांशी मनूचे लग्न लागले ते गणेशमंदिर. ओरछाच्या वीरसिंह देवाने १६१३ मध्ये हा किल्ला बांधला. ओरछातून पाहताना तो दूर पुसट, सावलीसारखा, 'झाईं सी' दिसला म्हणून झाँसी, अशी नावाची कथा तिथले गाइड हौसेने सांगतात. खरी-खोटी देव जाणे, पण उन्हाळ्यात दुपारी त्या बाजूला पाहिले तर कथा पटते. पारा पंचेचाळीसच्या वर, हवा थरथरणारी, आणि काळ्या-करड्या खडकांच्या टेकड्या तापून धुरकट झालेल्या.

अशा खडकांवर, जिथे मातीचा थर बोटभरही नाही, तिथे सालई उभी असते. झाशीहून शिवपुरीकडे शंभरेक किलोमीटरच्या वाटेवर आणि त्यापुढे श्योपूरच्या जंगलात तिचे राज्य आहे. हिरवट राखी खोड, त्यावर कागदासारखे सुटणारे पापुद्रे, टोकाशी गोळा झालेली कडुलिंबासारखी पाने, पण कडा करवतीसारख्या. उन्हाळ्यात एकही पान नाही. माघ-फाल्गुनाच्या सुमारास नागड्या फांद्यांवर बारीक पांढरट फुलांचे तुरे येतात, तेवढाच तिचा शृंगार. विदर्भातल्या वाचकांना ती नवी नाही. नागपूरजवळच्या सालई गोधनीसारखी गावे तिचेच नाव लावून बसली आहेत.

तिचे संस्कृत नाव सल्लकी किंवा शल्लकी. हाच शब्द कोशात साळिंदरालाही दिलेला आहे. आपले 'साळू', 'साळिंदर' त्याचेच वंशज. अमरकोशात सल्लकीला नावांची माळच घातली आहे. सुगंधी म्हणून सुरभी, आल्हाद देणारी म्हणून ह्लादिनी, आणि हत्तींचे खाणे म्हणून गजभक्ष्या. या शेवटच्या नावाला साहित्यातही साक्ष आहे. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने 'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकात सीतेने पंचवटीच्या अरण्यात पोसलेल्या हत्तीच्या छाव्याची आठवण काढली आहे. सीता त्याला आपल्या हाताने सल्लकीचे कोवळे अंकुर भरवीत असे. याच भवभूतीच्या 'मालतीमाधव' नाटकातली पद्मावती नगरी म्हणजे झाशी-ग्वाल्हेर रस्त्यावरच्या डबऱ्याहून आत असलेले पवाया, असे इतिहासकार मानतात. तेव्हा कवीच्या डोळ्यांसमोरची सालई विदर्भातलीही असेल आणि या बाजूचीही.

आज बुंदेलखंडात रानहत्तीचे नाव काढले तर लोक हसतील. पण १५६४ मध्ये अकबर नरवरच्या जंगलात हत्ती धरायला आला होता, आणि नरवर झाशीपासून फार लांब नाही. हत्ती गेले, गजभक्ष्या हे नाव उरले. 'तेरेबिंथॉस'सारखेच झाले म्हणायचे.

सालईच्या डिंकाला संस्कृतात कुंदुरू, व्यवहारात सालई गुग्गुळ किंवा नुसता धूप म्हणतात. आता डिंक आणि राळ यांतला फरक गृहिणींना सांगायला नको. लाडवांचा बाभळी-धावड्याचा डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. ती निखाऱ्यावर टाकली की वितळून धूर करते. सालईच्या स्रावात दोन्ही आहेत. निम्म्याहून अधिक राळ, उरलेल्यात डिंक, आणि त्यांच्या जोडीला सुगंधी तेल. हे तेल वेगळे काढले की ते टर्पेंटाइनसारखेच काम करते. हिमालयात चीड आहे तशी मध्य हिंदुस्थानात सालई आहे, मग टर्पेंटाइन इथेच का काढू नये, असा विचार इंग्रजी अमदानीत झाला होता. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतले पिअर्सन आणि पूरण सिंग यांनी १९१८ मध्ये सालईपासून टर्पेंटाइन, रोझिन आणि डिंक वेगळे कसे करावे यावर टिपण प्रसिद्ध केले. (हे पूरण सिंग म्हणजेच पंजाबीतले नामवंत कवी. प्रयोगशाळेत राळ उकळणारा माणूस कविता करतो, ही जोडी तशी दुर्मीळच!) पण सालईतून तेल वेगळे काढणे चीडपेक्षा किचकट, म्हणून तो बेत फारसा पुढे गेला नाही.

नावाचा घोटाळा मात्र सालईच्या वाट्यालाही आला, आणि त्यात आपल्या मुंबईचा हात आहे. युरोपातल्या चर्चमध्ये जाळला जाणारा धूप, बायबलमध्ये येशूच्या जन्मावेळी पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांनी आणला तो, त्याला औषधविक्रेते 'ओलिबॅनम' म्हणत. अरबीतल्या 'लुबान'वरून आलेला हा शब्द, मूळ अर्थ दुधासारखा पांढरा. (जावा-सुमात्राकडच्या अशाच एका धुपाला अरब 'लुबान जावी' म्हणत. त्या दोन शब्दांची युरोपात इतकी मोडतोड झाली की त्यातून 'बेंझॉइन' आणि पुढे चक्क 'बेंझीन' निघाले.) हा ओलिबॅनम लंडनला मुंबई बंदरातून येई. साहजिकच तो हिंदुस्थानातला असणार, असे साहेबाने धरले. १८०७ मध्ये कोलकात्याचे संस्कृत पंडित हेन्री कोलब्रुक यांनी 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये लेख लिहून सांगितले की प्राचीनांचा तो धूप म्हणजे या सालईचाच. त्याच वेळी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी झाडाला शास्त्रीय नाव दिले, 'बॉस्वेलिया सेराटा'. सेराटा म्हणजे करवती कडांची. आणि बॉस्वेलिया? एडिंबरोचे एक डॉक्टर जॉन बॉस्वेल यांच्या सन्मानार्थ. डॉ. जॉन्सनचे चरित्र लिहिणाऱ्या प्रसिद्ध बॉस्वेलचे हे काका. ज्या झाडाला हत्तींनी, वैद्यांनी आणि भवभूतीने नावाजले, त्याच्या शास्त्रीय नावात एक स्कॉटिश काका जाऊन बसले.

कोलब्रुकसाहेबांची समजूत दुरुस्त झाली तीही मुंबईच्या माणसांकडून. मुंबई सैन्यातले सर्जन हेन्री कार्टर 'पॅलिन्युरस' या सर्वेक्षण जहाजावरून १८४४ ते १८४६ या काळात अरबस्तानचा दक्षिण किनारा फिरले आणि तिथे त्यांनी खऱ्या लुबानाचे झाड पाहिले. पुढे डॉ. जॉर्ज बर्डवूड यांनी १८७० च्या सुमारास या साऱ्या झाडांवर प्रबंध लिहिला आणि एकाला कार्टरचे नाव दिले. बर्डवूड म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासह मुंबईचे वस्तुसंग्रहालय आणि राणीची बाग उभी करण्यात पुढाकार घेणारे. (ही राणी झाशीची नव्हे, व्हिक्टोरिया! आता त्या बागेला जिजामातेचे नाव आहे.) तेव्हा कळले ते असे: चर्चमधला धूप अरबस्तान आणि सोमालियाचा. तो एडनमार्गे मुंबईला यायचा, इथल्या गोदामांत निवडून प्रतवारी लागायची आणि पुन्हा जहाजाने युरोपला जायचा. सालई त्याची बहीण खरी, पण तो माल तिचा नव्हे.

इतका मान एका रात्रीत मिळून एका रात्रीत गेला तरी सालई आपली खडकावर उभीच होती. स्वातंत्र्यानंतर तिच्याकडे पुन्हा लक्ष गेले, पण यावेळी धुपासाठी नव्हे. बुऱ्हाणपूरजवळच्या नेपानगरला देशातला पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना निघाला. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले, पुढच्या वर्षी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. त्याचा कच्चा माल होता बांबू आणि सालई. संयुक्त महाराष्ट्राच्या बातम्या ज्या कागदावर आजोबांनी वाचल्या, त्यातला काही तरी सालईच्या लाकडाचा असणारच. आगकाड्या आणि खोकी यांसाठीही तिचे मऊ लाकूड कापले गेले. हलके लाकूड, कुणाला त्याची फारशी किंमत नाही. असे झाड सर्वांत आधी तुटते.

मग १९८० च्या दशकात जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने सालईच्या राळेतली सूज कमी करणारी द्रव्ये तपासली. त्यांना 'बॉस्वेलिक आम्ले' म्हणतात, काका इथेही आहेतच. संधिवातावर 'सल्लकी'च्या गोळ्या आल्या. नागपुरात गुडघेदुखीच्या तीस रुग्णांवर घेतलेली चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात सालईच्या अर्काने वेदना आणि सूज उतरल्याचे दिसले. तीस रुग्ण म्हणजे फार मोठा आकडा नव्हे, आणि गोळी घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारलेले बरे. पण गुडघे जगभर दुखतात! परदेशातून अर्काला मागणी वाढली आणि डिंकाला भाव आला.

झाशीत हा सारा पसारा एकाच शहरात दिसतो. ग्वाल्हेर रस्त्यावर केंद्रीय आयुर्वेद संशोधन संस्था आहे, तिथे औषधी वनस्पतींची बाग आणि कच्च्या औषधींचा संग्रह आहे. नागपूरकरांना परिचित असलेल्या बैद्यनाथचा कारखाना झाशीतही आहे. अशा संग्रहांची गरज का, हे मस्तकीच्या गोष्टीवरून ध्यानात यावे. खरा गुग्गुळ देणारे झुडूप वेगळे, ते आता नष्ट होण्याच्या अगदी कडेला आले आहे. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली. त्याच्यात सालईचा डिंक मिसळला जातो, आणि 'सालई गुग्गुळ' हे नावच असे की विकणाऱ्याला खोटे बोलावेही लागत नाही. घेणाऱ्याने मात्र पुडीवर नेमके काय लिहिले आहे ते दोनदा वाचावे.

हा डिंक जंगलातून आणतात ते मुख्यत: सहरिया आदिवासी. दिवाळीनंतर काम सुरू होते ते पावसाळ्यापर्यंत. खोडावर थोडी साल तासायची, काही दिवसांनी आलेला स्राव खरवडून घ्यायचा, जखम ताजी करायची, पुन्हा थांबायचे. गोळा केलेला डिंक बांबूच्या टोपलीत महिनाभर ठेवतात. त्यातून पातळ भाग झिरपून जातो, त्याला 'रस' म्हणतात. मागे उरतो तो घट्ट डिंक निवडून, फोडून विकायचा. एका झाडामागे वर्षाकाठी साधारण किलो-दीड किलो. थोडी जखम असेल तर झाड ती भरून काढते. घाई केली, साल खोलवर, चहूबाजूंनी काढली, वर्षामागून वर्षे विश्रांतीच दिली नाही, की ते बी धरेनासे होते, किडीला बळी पडते आणि एखाद्या वादळात मोडते. आफ्रिकेतल्या सालईच्या एका बहिणीचे असेच झाले आहे. तिची म्हातारी झाडे उभी आहेत, पण वणवे आणि गुरे यांमुळे पुढची पिढीच दिसत नाही. येत्या वीस वर्षांत तिच्या धुपाचे उत्पादन निम्म्यावर येईल, असा इशारा शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये दिला.

घाई कोण करतो, हा प्रश्न आहे. ज्याला पुढच्या वर्षी त्याच झाडाकडे यायचे असते, तो जपून तासतो. ज्याला उद्याचा भरवसा नसतो तो आजच ओरबाडतो. श्योपूरमधल्या कुनोच्या जंगलात सिंह आणायचे ठरले तेव्हा, १९९८ पासून पुढच्या पाच-सहा वर्षांत, तिथली चोवीस गावे उठवून बाहेर वसवली गेली. बहुसंख्य सहरियांची. जमिनी मिळाल्या, पण सालईचा डिंक, मोहाची फुले, तेंदूची पाने यांवर चालणारा संसार जंगलातच राहिला. गुजरातचे सिंह आलेच नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाचे आठ चित्ते आले आणि कुनोचे नाव जगभर झाले. चित्त्यांची नावे, त्यांची पिल्ले, त्यांचे दुखणेखुपणे आपण वर्तमानपत्रांतून वाचले. चित्ते यावेतच. पण जंगलातून निघालेल्या त्या दीड हजारांवर कुटुंबांतल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

सालईची एक गोष्ट मात्र तिच्या बाजूची आहे. तिच्या बियांचा फारसा भरवसा नसला तरी फांदीचा आहे. पावसाच्या तोंडावर तिची मनगटाएवढी जाड फांदी तोडून जमिनीत रोवली की ती मूळ धरते. वरच्या टोकाला शेणमातीचा गोळा लिंपायचा, म्हणजे ती सुकत नाही. मग दोन-चार चांगले पाऊस पडले की त्या ठोंब्यावर करवती कडांची कोवळी पाने फुटतात. सीतेने भरवली तीच.